आरमारी साहेबाचं औक्षण

मला त्या साहेबाचा राग होता, आणि आज इतक्या वर्षांनी लिहायला बसलो तरी तो पुरता गेलेला नाही. त्याला दोन पदकं मिळाली होती आणि ती त्यानं कमावलेली होती, हेही मला मान्य आहे. पण माणसाला मान्य करणं वेगळं आणि त्याच्याशी मनातलं मिटवणं वेगळं.

युद्ध संपून अजून वर्ष झालं नव्हतं. मी बेळगावच्या कॅम्पात एका लष्करी कचेरीत कारकून होतो. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिलाच. वडील निपाणीत तंबाखूच्या गाड्या हाकायचे, आई वखारीत पानं निवडायची. माझं इंग्रजी हे निपाणीच्या हेडमास्तरांचं देणं. रविवारीसुद्धा ते मला घरी बोलवायचे आणि पुढ्यात बसवून उतारे पाठ करून घ्यायचे. त्यांच्यामुळे मला कॉलेज दिसलं. पण शाळा मात्र दिसली ती आक्कामुळे. आई गेली तेव्हा आक्का तिसरीत होती. तिनं पाटी माझ्या हातात दिली आणि स्वतः सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसली. माझी निम्मी डिग्री आक्काची आहे, असं मी कॉलेजात मित्रांना सांगत असे. सांगताना बरं वाटायचं.

आक्काचा नवरा, म्हणजे आमचे भावजी, पलटणीत भरती व्हायला म्हणून कॅम्पात आले होते. उंची दोन बोटं कमी भरली. तिथून ते घरी परतलेच नाहीत, तसेच मुंबईला गेले आणि आरमारात शिरले. त्याआधी त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. जहाजावर ते आगवाले झाले. म्हणजे बॉयलरच्या खोलीत, जहाजाच्या पोटात, पाण्याच्या रेषेखाली काम. रजेवर आले की आक्का त्यांना विचारायची, "समुद्र कसा असतोय हो?" आणि ते म्हणायचे, "मला काय ठावं? मी खाली असतोय."

मग एक दिवस तार आली. आराकानच्या किनाऱ्याजवळ जहाजावर बाँब पडला होता. भावजींच्या घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, म्हणून तार माझ्यासाठी ठेवली होती. मी ती अंगणात उभा राहून वाचली. बेपत्ता, असं त्यात होतं. आणि पुढे, मृत समजण्यात येत आहे, असंही होतं. मी पहिली गोष्ट सांगितली, दुसरी सांगितली नाही. आक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्याकडे बघून पुढचं तोंडातून बाहेर पडेना.

"बेपत्ता म्हंजी?" तिनं विचारलं.

"सापडले नाहीत अजून."

"मग सापडतील की."

त्या दिवसापासून आक्काचं कुंकू हा दोन घरांतला तंटा झाला. सासरा वाईट माणूस नव्हता. त्याची अडचण खरी होती. धाकट्या मुलाचं लग्न ठरत आलं होतं, आणि ज्या घरात मेलेल्या माणसाचे दिवसच घातलेले नाहीत, त्या घरात मुलगी द्यायला मुलीकडचे तयार नव्हते. मेला असेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळा, सुतक धरा, मोकळे व्हा, असं भाऊबंद म्हणत. पण पुतळा जाळायचा तर आक्काचं कुंकू पुसायला हवं, बांगड्या फोडायला हव्यात. आक्का म्हणायची, "ज्यानं डोळ्यांनी बघितलंय त्यानं येऊन मला सांगावं. मग मी माझ्या हातानं पुसीन."

सासू चुलीपाशी बसून ऐकवायची. "आमच्या धाकट्याला हळद लागू द्यायची न्हाय हिला. सोता नटून हिंडती."

"मी नटती व्हय? कुकू हाय ते नवऱ्याचं हाय. तुमच्याच ल्योकाचं."

शेवटी ती माझ्याकडे बेळगावला आली. शहापुरात एका विणकराच्या घरी माझी खोली होती. विणकराच्या बायकोबरोबर आक्का दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. सकाळी अंघोळ झाली की आधी कुंकू लावायची, मग चहा ठेवायची. समोर आरसा नसला तरी बोट बरोबर जागेवर जायचं.

अशात तो आरमारी साहेब कॅम्पात आला. जखमी हात घेऊन तो आपल्या लष्करातल्या भावाच्या बंगल्यावर हवापालटाला राहिला होता. निपाणीच्या एका मोठ्या तंबाखू व्यापाऱ्याची लष्कराशी देवघेव होती. त्यानं ठरवलं की असा पराक्रमी माणूस इतक्या जवळ आला आहे तर त्याचा जाहीर सत्कार करायचा. फेटा, हार, आणि आपल्या रीतीप्रमाणे पाच सुवासिनींकडून औक्षण. साहेब आपल्या युद्धातल्या कामगिरीबद्दल बोलणार होता, आणि ते मराठीत सांगायला मला पाठवायचं ठरलं. जहाजाचं नाव कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. ते भावजींचं जहाज होतं.

व्यापाऱ्यालाही कुठून तरी कळलं की या साहेबाच्या जहाजावर निपाणीचा एक आगवाला होता. तो बेपत्ता आहे हे मात्र त्याला कुणी सांगितलं नसावं, किंवा त्यानं विचारलं नसावं. त्याची चिठ्ठी आली: साहेबाच्या खलाशाच्या पत्नीनं पाच सुवासिनींत पहिला मान घ्यावा.

आक्कानं चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. "साऱ्या गावाम्होरं सुवासिनी म्हणून बोलवल्यात मला," ती म्हणाली. "आता सासूबाईंनी काय बोलायचं ते बोलावं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि मी सायबाला इचारीन. त्यानं बघितलं असंल."

सत्काराच्या आदल्या दिवशी मी बंगल्यावर गेलो. साहेब व्हरांड्यात बसला होता. उंच, वाळका, डाव्या हाताला तीन बोटं नसलेला. त्यानं मला बसायला सांगितलं नाही. टाइप केलेले तीन कागद माझ्यापुढे टाकून तो म्हणाला, "मी जे बोलेन तेच तू बोलायचं. जास्त नाही, कमी नाही. मला बोलताना कुणी सजवलेलं चालत नाही."

मी कचेरीत येऊन कागद वाचले. पहिल्या पानावर उत्तर अटलांटिक होता. व्यापारी जहाजांच्या तांड्याला पहारा देत केलेल्या फेऱ्या, कठड्यांवर बसलेला बर्फ, जहाज कलंडू नये म्हणून रात्रंदिवस कुऱ्हाडीनं तो बर्फ फोडणारे लोक. दुसऱ्या पानावर माल्टाची वाट होती. तिथं त्याचं जहाज त्याच्या पायाखाली बुडालं. तेलानं माखलेल्या पाण्यात चार तास तो एका फळीला धरून होता आणि त्यानं दोघा पोरांना वर धरून ठेवलं होतं. त्याबद्दल पहिलं पदक. भाषा साधी होती. बढाई शोधून सापडली नसती, आणि मी शोधत होतो.

तिसऱ्या पानावर आराकान. हिंदी आरमाराला उसना दिलेला हा अधिकारी, त्याच्या हाताखालचं लहानसं लढाऊ जहाज, भर दुपारी पडलेला बाँब. मागच्या बॉयलरखोलीत पाणी शिरलं. ते पाणी पुढे आलं असतं तर शंभरावर माणसांसकट जहाज गेलं असतं. म्हणून वरचा दरवाजा बंद करून ती खोली बाकी जहाजापासून तोडण्यात आली. आत सात आगवाले होते. त्यानंतर दोन दिवस चालण्याच्या गतीनं त्यानं ते जहाज बंदरात आणलं. त्याबद्दल दुसरं पदक.

सातांची नावं कागदावर नव्हती. बंगला दहा मिनिटांवर होता. जाऊन विचारता आलं असतं. जहाजावर आगवाले काय सातच असतात का, असं मी स्वतःला म्हणालो आणि कागद घडी करून खिशात ठेवले. विचारलं नाही तोवर काही झालेलं नाही, अशी माझी समजूत. बी.ए.पर्यंत शिकलेल्या माणसाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आक्का मोटारीनं निघालो. युद्धापासून ती मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की उतारूंनी उतरून मागून चालायचं. आक्कानं ठेवणीतलं शहापुरी लुगडं नेसलं होतं. संकेश्वरच्या अलीकडे ती म्हणाली, "सायब लई तापट हाय व्हय?"

"कडक आहे."

"तू बोललास न्हवं त्याच्यासंगं? आमच्या ह्यांचं काय निघालं का?"

"नाही."

"मी इचारलं तर सांगंल न्हवं?"

"बघू," मी म्हणालो आणि बाहेर बघत राहिलो. कागद माझ्या खिशात होते. तिचं कोपर त्या खिशाला लागत होतं.

मनाशी मी ठरवून टाकलं होतं. सात आगवाल्यांचा परिच्छेद गाळायचा. साहेबाला मराठी येत नाही आणि गावाला इंग्रजी. औक्षण होईल, आक्काचा मान राहील, पुढचं पुढे बघू.

सभा दुपारी चारला निपाणीत, व्यापाऱ्याच्या तंबाखूच्या वखारीत होती. तंबाखू भरलेली बोदं भिंतीला सरकवून सतरंज्या अंथरल्या होत्या, तरी तंबाखूच्या खाटानं लोक शिंकत होते. दारात चळवळीतली पोरं जमली होती. मला बघताच एकजण ओरडला, "सायबाचा पोपट आला रं!"

"ए बीए, चले जावला इंग्रजीत काय म्हणत्यात ते सांग की त्येला!"

"त्येला ठावं हाय. रोज ऐकतोय की तो."

लोक हसले. व्यापारी हात जोडत पोरांना गप्प करत होता, आणि पोरं गप्प होत नव्हती. पुढच्या रांगेत आक्काचा सासरा बसला होता. चार बायका तबकं घेऊन एका बाजूला उभ्या होत्या, आक्का पाचवी आणि सगळ्यांत पुढे. बायकांत बसलेल्या सासूनं तिच्याकडे पाठ केली होती.

साहेब उठला. तो दोन-तीन वाक्यं बोलायचा, मी मराठीत सांगायचो. बर्फ फोडणाऱ्यांचं ऐकताना पोरंसुद्धा शांत झाली. माल्टाच्या पाण्यातली दोन पोरं ऐकून मागून कुणी तरी म्हणालं, "माणूस दमाचा हाय, काय बी म्हणा." मग आराकान आलं. साहेब त्या परिच्छेदावर बोलला. आधीच्यापेक्षा हळू बोलला, आणि बराच वेळ. मी म्हणालो, "बाँब पडला, जहाजात पाणी शिरलं, पण साहेबांनी धीर सोडला नाही आणि जहाज बंदराला आणलं."

साहेब माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं आणि लोकांकडे वळून हिंदुस्थानीत बोलला. जहाजावरच्या हिंदी खलाशांबरोबर तीन वर्षं काढलेल्या माणसाचं ते हिंदुस्थानी होतं, मोडकं पण पक्कं.

"बाबू ने छोड़ दिया. मैं बोलता हूँ. नीचे सात आदमी था. हम दरवाज़ा बंद किया. सात आदमी मर गया, तब जहाज़ बचा. ये मेडल मेरा अकेला का नहीं. उनका नाम सुनो."

आणि त्यानं सात नावं घेतली. कागदाशिवाय घेतली. प्रत्येक नावानंतर गाव. पाचवं नाव भावजींचं होतं, आणि गाव निपाणी.

सासऱ्यानं डोक्याचा रुमाल काढला आणि मांडीवर ठेवला. व्यापाऱ्याची बायको घाईनं आक्काजवळ आली आणि तबकाला हात घालत कुजबुजली, "दे बाई हिकडं. तू न्हाय आता."

"थांबा," आक्का म्हणाली. तिनं तबक सोडलं नाही. विड्या वळताना शेजारच्या मुसलमान बायकांबरोबर वर्षानुवर्षं बसून तिला हिंदुस्थानी येत होतं. मला विचारायची तिला गरज नव्हती. ती दोन पावलं पुढे झाली.

"साब, दरवाजा कौन बंद किया?"

"हुकुम मेरा था."

"अंदर के लोगां जिंदे थे?"

वखारीत कुणी शिंकलंही नाही.

"हाँ," तो म्हणाला.

आक्कानं तबक टेबलावर ठेवलं. निरांजन जळत होतं. ती बायकांकडे वळली. "घ्या. आता कुणाला ओवाळायचं त्यांनी ओवाळा." आणि ती सतरंजीवरच्या माणसांतून वाट काढत बाहेर गेली. दारातली पोरं बाजूला झाली. उरलेल्या चौघींतली एकही पुढे आली नाही. साहेब फेटा न बांधता, औक्षण न होता मोटारीकडे निघाला.

मोटारीच्या दाराशी त्यानं मला बोलावलं. "त्यातला एक तुझा होता?"

"माझ्या बहिणीचा नवरा."

"मग तू काल सांगायचं होतंस. मी दुसरा माणूस नेला असता." त्याच्या आवाजात दया नव्हती. "तू वाईट दुभाषी आहेस." तो आत बसला आणि काच वर केली. माझा त्याच्यावरचा राग या वाक्याचा आहे, दरवाज्याचा नाही. दरवाजा मला समजतो.

मी सासऱ्याच्या घरी गेलो तेव्हा सासू मोठ्यानं रडत होती आणि सासरा ओट्यावर बसला होता. "पावणं," तो म्हणाला, "तार तुमीच वाचलीसा. त्यात हे न्हवतं?"

"होतं."

"मग आमाला का न्हाय सांगितलं? सालभर माझ्या ल्योकाला पाणी न्हाय मिळालं. तुमच्या भणीला आमी नाही नाही ते बोललो." तो रस्त्याकडे थुंकला. "बीए झालाय म्हणं."

आक्का घरामागच्या परड्यात हौदाजवळ बसली होती. कुंकू अजून होतं.

"तुला कवा कळलं?" तिनं विचारलं.

"काल."

"मोटारीत ठावं हुतं?"

"नावं नव्हती. पण..."

"ठावं हुतं का न्हवतं?"

"होतं."

"मी तुला इचारलं हुतं."

मी म्हणालो की तुला वाईट वाटू नये म्हणून, गावासमोर तुझा मान राहावा म्हणून. तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "सायबानं साऱ्या गावाम्होरं सांगितलं. तुला मला एकटीला सांगायला झालं न्हाय. तुला शाळंत घातलं ते मला कागद वाचून दावायला, रं. काय दावायचं न्हाय ते ठरवायला न्हवं."

चार दिवसांनी ती एकटी मोटारीनं बेळगावला आली आणि खोलीवर बोचकं ठेवून सरळ कॅम्पात गेली. विणकराच्या बायकोकडून मला कळलं, म्हणून मी धावत बंगल्यापाशी पोचलो. आक्का व्हरांड्यात बसली होती. खुर्चीवर. समोर साहेब. त्यानं तिला बसायला सांगितलं होतं. फाटकातून मी आत जाऊ लागलो तशी तिनं मान हलवून मला तिथंच थांबवलं. तासभर मी बंगल्यासमोरच्या चर्चच्या भिंतीला टेकून उभा होतो. दुरून साहेबाचा उजवा हात दिसायचा, कधी वर, कधी खाली, जशी कुणाला एखाद्या खोलीची मापं दाखवावीत. काय बोलणं झालं ते मला तिनं कधी सांगितलं नाही.

बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "दिवस घालायला सांग सासऱ्याला." आणि रस्त्यातच, माणसं जात-येत असताना, पदराचं टोक थुंकीनं ओलं करून तिनं कपाळ पुसलं. दुसऱ्या कुणाचा हात तिनं लागू दिला नाही.

यमगर्णीजवळ वेदगंगेच्या काठी पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला. तेरावं झालं. आमच्यात माहेरच्या माणसानं विधवा बहिणीला दुखवट्याचं लुगडं द्यायचं असतं. मी विणकराकडूनच घेतलं, साधं, काठ नसल्यासारखं. सगळ्या भाऊबंदांसमोर पाटावर बसलेल्या आक्कापुढे ते ठेवलं. तिनं त्याला हात लावला नाही.

"उचल बाई," सासूच म्हणाली. त्या दिवशी सासूचा आवाज मऊ होता. "भाऊ हाय तुझा. रीत हाय ती."

"रीत मला ठावं हाय," आक्का म्हणाली. "भावानं आदी सांगायला येयाचं असतंय. मग लुगडं आणायचं."

सासऱ्यानं उठून आतून आपल्या घरचं लुगडं आणलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते घेतलं. मी माझं लुगडं काखेत मारून निपाणीच्या मोटारतळावर आलो आणि बेळगावची मोटार येईपर्यंत उभा राहिलो.